मॉरिशसमध्ये एकच दिवस मोकळा असेल तर

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी एकत्र मांडते, म्हणजे हे उत्तर कुणाला लागू पडतं ते इतरांनाही कळेल. मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाकला. दोन दिवस बोटीच्या सहलींना दिलेले, मधला एक दिवस मोकळा. तुम्ही दोघं, बरोबर सत्तरीच्या घरातले आई-बाबा आणि नऊ वर्षांची मुलगी. आई-बाबांना अंडंसुद्धा चालत नाही. आणि एका एजंटने उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही टूर त्या एका दिवसात करून देतो असं सांगितलंय. ते घ्यावं का, आणि दिवसभरात खाण्यासारखं काय मिळेल, हे तुम्हाला हवंय.

एजंटचा प्लॅन घेऊ नका. मी टूर मॅनेजर म्हणून मराठी कुटुंबांना घेऊन वर्षानुवर्षं तिथे जाते आणि प्रत्येक ग्रुपला एकच सांगते: एका दिवसात एकच दिशा. तुमच्यासाठी ती नैर्ऋत्य. सकाळी लवकर डोंगरावर चढायचं, दुपारी उतरायला लागायचं आणि सूर्यास्ताला समुद्रावर पोचायचं. सगळा फेरा शंभर किलोमीटरच्या आतबाहेर होतो आणि एकच रस्ता दोनदा जवळजवळ लागत नाही.

नकाशा बघून लोक फसतात, कारण बेट खरंच लहान आहे: दक्षिणोत्तर साधारण ६५ किलोमीटर आणि रुंदी ४५. सकाळी उत्तरेला राजधानी पोर्ट लुई, दुपारी नैर्ऋत्येला सात रंगांच्या मातीचं शामारेल सहज होईल असं वाटतं. पण मधल्या पठारावर क्युरपिप, वाक्वा, काट्र बोर्न ही गावं एकमेकांना चिकटून आहेत, जागोजागी सर्कल आहेत आणि ऑफिसच्या वेळेत राजधानीकडचा रस्ता तुंबलेला असतो. दोन्ही टूर एका दिवसात केल्या की आई-बाबा व्हॅनमध्ये बसून कंटाळतात, मुलगी झोपते आणि प्रत्येक ठिकाणी फोटोपुरतं उतरून परत चढायचं, एवढंच हाती लागतं.

दुसरं कारण हवेचं. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे मधल्या उंच भागावर आदळतात. त्यामुळे पठारावर ढग आणि पाऊस जास्त, आणि डोंगराच्या आड असलेला पश्चिम किनारा कोरडा. फ्लिक-आँ-फ्लाकला लख्ख ऊन असताना चाळीस मिनिटांवरच्या गंगा तलावावर धुकं आणि भुरभूर पाऊस असणं हे अगदी नेहमीचं. दुपारनंतर वर ढग भरून येण्याची शक्यता वाढते, म्हणून वरचं सगळं आधी उरकायचं. आणि वर पाऊस लागला म्हणून पुढचं रद्द करून परत फिरू नका. शामारेल बरंच खाली आणि पश्चिमेला आहे, तिथे ऊन असू शकतं.

तिसरं कारण खाण्याचं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. तिथले चांगले पदार्थ रस्त्यावर मिळतात आणि त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात. ती वेळ चुकली की हॉटेलचा बुफे उरतो, आणि तो कुठल्याही देशातल्या बुफेसारखाच असतो.

म्हणून सकाळी साडेसातला निघा. नाश्ता पॅकेजमध्ये आहे म्हणून भरपेट खाऊ नका. चहा आणि थोडी पपई-अननस एवढंच पोटात असू द्या. गाडी कास्काव्हेलवरून वर पठाराकडे जाईल. कास्काव्हेल हे मराठी वस्तीसाठी ओळखलं जाणारं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर करारावर काम करायला मुंबई बंदरातून जी माणसं गेली, त्यांत कोकणातले पुष्कळ होते. त्यांची पुढची पिढी घरात क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचमधून घडलेली बोली बोलते, पण मराठी शाळेत शिकवली जाते, गणेशोत्सव जोरात होतो, जाखडी अजून नाचली जाते आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते. तुमची तारीख भाद्रपदात येत असेल तर या भागात विसर्जनाची मिरवणूक बघायला मिळते, आणि त्यासाठी बाकी काहीही सोडावं असं मी म्हणेन. आई-बाबांना कुणी मराठी वंशाचं भेटलं तर ते नक्की बोलू लागतील. समोरच्याला मराठी तोडकी येत असेल तर हिंदीत बोला. तिथे अनेकांना हिंदी समजतं.

वाक्वा किंवा काट्र बोर्नला बाजाराजवळ गाडी थांबवायला सांगा आणि दाल पुरी खा. गूळ न घातलेल्या पुरणपोळीच्या जवळ जाणारा हा प्रकार आहे: पिवळी डाळ शिजवून, कोरडी वाटून, हळद-जिरं घालून मैद्याच्या पारीत भरायची, अगदी पातळ लाटायची आणि तव्यावर भाजायची. नावात पुरी असली तरी तळत नाहीत. बिहारकडून गेलेल्या मजुरांनी ती तिकडे नेली आणि आज धर्म, जात, वंश न बघता सगळा देश ती खातो. बँकेतला माणूस, शाळेतली मुलं, बांधकामावरचे कामगार, सगळे एकाच गाड्यासमोर उभे असतात.

गाड्यावर नीट बघत उभे राहा, मुलीलाही दाखवा. पुऱ्यांची चळत कापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवलेली असते, त्यामुळे ती मऊ राहते. मागणी आली की विक्रेता वरच्या दोन पुऱ्या एकदम उचलतो, कारण ती जोडीनेच विकली जाते. बोटाने सरकवून एक पुरी दुसरीच्या थोडी बाहेर काढतो. मग मोठ्या पांढऱ्या दाण्यांची घट्टसर रस्साभाजी, तिला ग्रो प्वा म्हणतात. त्यावर टोमॅटो-कांद्याची रुगाय, त्यावर कोथिंबिरीची पातळ चटणी. सगळं चमच्याच्या पाठीने पसरून, गुंडाळी करून, कागदात बांधून हातात देतो. या साऱ्याला अर्धं मिनिटही लागत नाही. मिरचीची चटणी तो विचारून घालतो, आणि ती खरोखरच तिखट असते, तेव्हा मुलीच्या जोडीत घालू देऊ नका. छोट्या गाड्यांवरचा माल दुपारपर्यंत संपतो, म्हणून हा थांबा सकाळीच हवा.

शाकाहाराचा मुद्दा इथेच सांगून टाकते. दाल पुरीबरोबरचं नेहमीचं सारण शाकाहारी असतं, पण काही ठिकाणी मासे किंवा मटणाची भाजीही घालून देतात, म्हणून आधी सांगायचं. ड्रायव्हरकडून सांगून घ्या किंवा स्वतःच म्हणा: सान लाव्यान, सान प्वासों, सान दिझेफ. म्हणजे मांस नको, मासे नकोत, अंडं नको. लोक अजिबात वाईट मानत नाहीत. महाशिवरात्रीच्या आणि इतर व्रतांच्या दिवसांत तिथले हिंदू स्वतः मांसाहार टाळतात, त्यामुळे त्यांना हे नवीन नाही. फराता, म्हणजे आपला पराठा, त्याच्याबरोबरची भाजी मात्र नेहमी विचारून घ्यावी. छोट्या समोशांत बटाट्यासारखेच चिकनचे आणि माशाचेही असतात आणि बाहेरून सारखेच दिसतात. दुधीसारख्या दिसणाऱ्या शूशू नावाच्या फळभाजीचे वाफवलेले गोळे दिसतील. ते निरुपद्रवी वाटतात, पण त्यात अनेकदा कोळंबी असते. आई-बाबांनी ते टाळलेलेच बरे. हलीम मटणाचं असतं. उलट्या वाडग्याचा भात म्हणून जो प्रसिद्ध चिनी धाटणीचा पदार्थ आहे, त्यावर अंडं असतं.

आई-बाबांसाठी बिनधास्त घ्यावं असं म्हणजे गातो पिमाँ. डाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात मिरची, कांद्याची पात, कोथिंबीर आणि छोटे गोल तळायचे. स्थानिक लोक सकाळी पावात लोणी लावून त्यात हे दाबून खातात. गरम असतानाच खा, थंड झाले की मजा जाते. आणि गातो पतात: रताळ्याच्या पारीत खोबरं, साखर, वेलची भरून तळलेलं. आईंना चव लगेच ओळखीची वाटेल. हे एखाद-दोन जास्त बांधून घ्या, दुपारी उपयोगी पडतात.

बाजारातून निघण्याआधी आलुदा प्या. थंड दूध, व्हॅनिला किंवा बदामाचं सरबत, भिजलेला सब्जा आणि आगर-आगरच्या किसलेल्या जेलीच्या शेवया. पुढच्या वाटेवर हा चांगला मिळेल याची खात्री नाही. त्यात बर्फ असतो. बाबांचं पोट नाजूक असेल तर दिवसभराच्या प्रवासाआधी त्यांना देऊ नका, तुम्ही दोघं आणि मुलगी घ्या. शेजारच्या बेकरीतून नापोलितेन घेऊन ठेवा: लोण्याच्या खुसखुशीत दोन चकत्या, मध्ये जॅम, वर गुलाबी साखरेचा थर. साधारणपणे त्यात अंडं नसतं, तरी विचारा. ते संध्याकाळी समुद्रावर खायचं.

इथून गंगा तलाव. वाक्वाच्या जलाशयाशेजारून रस्ता जातो, दोन्ही बाजूंना सुरूची आणि पाइनची झाडं लागतात आणि हवा बदलते. तलाव समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, ज्वालामुखीच्या विवरात साठलेलं पाणी. किनाऱ्यापेक्षा चार-पाच अंशांनी थंड असतं आणि वारा झोंबतो. आई-बाबांची शाल आणि सगळ्यांची पातळ जाकिटं गाडीत असायलाच हवीत. समुद्राची सुट्टी म्हणून लोक नुसत्या कॉटनवर जातात आणि दहा मिनिटांत गाडीत परततात. प्रवेशावरच ३३ मीटर उंचीची मंगल महादेवाची मूर्ती उभी आहे. २००७ सालची. समोर दुर्गेची मूर्ती. तिथे फोटो काढा, पण खरा वेळ खाली तलावाच्या काठावर द्या. शंकराचं मंदिर, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, काठाने मांडलेले देव. १९७२ मध्ये भारतातून आणलेलं गंगेचं पाणी या तलावात मिसळलं गेलं. महाशिवरात्रीला बेटाच्या कोपऱ्या-कोपऱ्यातून लोक खांद्यावर सजवलेल्या कावडी घेऊन पायी येतात, काही जण दोन-दोन दिवस चालत. तुमची तारीख त्या आठवड्यात असेल तर गाडीने इकडे येणंच अवघड असतं. मग हा थांबा काढून सरळ खालून शामारेलला जा.

पायऱ्या ओल्या असतात, अनवाणी चालताना आई-बाबांचा हात धरा. माकडं आहेत, प्रसादाची पिशवी हातात लोंबती ठेवू नका. आरती, अभिषेक करायचा असेल तर पुजाऱ्यांना सांगून लगेच होतो. पाऊण तास ते एक तास इथे जाऊ द्या.

एजंटच्या यादीत क्युरपिपचं त्रु-ओ-सेर्फ विवर आणि जहाजांच्या लाकडी प्रतिकृतींचा कारखानाही असेल. विवर आज झाडांनी भरलेलं आहे, वरून क्युरपिप गाव छान दिसतं, एवढंच. गंगा तलाव स्वतःच विवर असल्यामुळे तुमचं काही राहून जात नाही. जहाजांच्या प्रतिकृती हाताने केलेल्या असतात आणि कारागिरी उत्तम असते, त्यात शंकाच नाही. पण विकत घ्यायचं नसेल तर तिथला पाऊण तास शामारेलला जास्त कामी येतो.

गंगा तलावाहून थोडं मागे पेत्रँला येऊन गाडी प्लेन शांपान्यच्या रस्त्याला लागते. हा ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाचा भाग. १९९४ साली जाहीर झालेलं हे उद्यान म्हणजे बेटावरच्या मूळ जंगलाचा जो थोडा तुकडा उरलाय त्याची राखण. डोडो इथलाच. माणूस बेटावर राहायला आल्यावर शंभर वर्षांच्या आत तो संपला. मुलीला हे सांगाच, पण त्याबरोबर मॉरिशसच्या छोट्या ससाण्याची गोष्टही सांगा: १९७४ मध्ये जंगलात त्याचे फक्त चार पक्षी उरल्याची नोंद होती. पिंजऱ्यात पिल्लं वाढवून, जंगलात सोडून त्याला परत उभं केलं गेलं. दरीच्या व्ह्यू पॉइंटवर गाडीपासून थोडंच चालावं लागतं, आई-बाबांना जमेल. खाली हिरवी दरी, पलीकडे समुद्राची रेघ, आणि दरीत घिरट्या घालणारे लांब शेपटीचे पांढरे पक्षी. एअर मॉरिशसच्या विमानाने आलात तर शेपटीवर ज्याचं चित्र आहे, तोच हा पक्षी. मुलांना ही ओळख पटली की ती दरीपाशी बराच वेळ रमतात. ढग आले असतील तर दहा मिनिटं थांबा. वाऱ्याने पडदा सरकतो.

मार्च ते जूनच्या दरम्यान गेलात तर या रस्त्याच्या कडेला लाल टपोऱ्या चिनी पेरूंचे ढीग दिसतील. बोराएवढे, आंबटगोड, मीठ-तिखट लावून देतात. सुट्टीच्या दिवशी स्थानिक कुटुंबं डबे घेऊन झुडपांत शिरून पेरू काढतात. झाड बाहेरून आलेलं आहे आणि मूळ जंगलाला त्रासदायक ठरलंय, पण फळ फार चांगलं. नोव्हेंबर-डिसेंबरला गेलात तर लिची.

साडेअकरा-बाराला शामारेल. सात रंगांच्या मातीसाठी तिकीट काढून आत गाडीनेच जायचं असतं. आधी धबधब्याचा थांबा लागतो. बेसॉल्टच्या सरळ कड्यावरून जवळजवळ शंभर मीटर खाली पाणी पडतं. पहिल्या ठिकाणाहूनच चांगला दिसतो, वरच्या चबुतऱ्यासाठी पायऱ्या आहेत, त्या आई-बाबांनी सोडल्या तरी चालेल.

मातीबद्दल आधीच सांगते, म्हणजे हिरमोड होणार नाही. जाहिरातींतले फोटो रंग वाढवलेले असतात आणि जागा लहान आहे. दहा मिनिटांत फेरी होते. पण काय बघतोय ते कळलं तर ती विलक्षण आहे. ज्वालामुखीचा खडक उष्ण, दमट हवेत कुजत कुजत त्याची चिकणमाती झाली. पाण्यात विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. लोहामुळे लाल, तांबूस, तपकिरी छटा, ॲल्युमिनियममुळे निळसर-जांभळ्या. पावसाने त्या मातीला मऊ चढउतार दिले. उन्हात रंग उठतात आणि ढगाखाली विझतात, म्हणून ढग असेल तर थोडं थांबा. ऊन पडलं की दोन मिनिटांत फरक दिसतो. कठड्याच्या आत कुणी पाऊल टाकायचं नसतं. शेजारीच आल्डाब्राच्या महाकाय कासवांचं कुंपण आहे. मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवं केव्हाच नामशेष झाली, ही दुसऱ्या बेटावरची. मुलगी इथेच सगळ्यात जास्त वेळ काढेल, तिला काढू द्या. मोठा प्राणी संग्रहालयासारखा पार्क फ्लिक-आँ-फ्लाकजवळ आहे, पण त्याला स्वतंत्र दिवस लागतो, तो या फेऱ्यात कोंबू नका.

जेवण शामारेल गावात घ्या. डोंगरउतारावर घरगुती पद्धतीची छोटी रेस्तराँ आहेत, काहींतून खालचा सगळा किनारा दिसतो. मासे-मटण खाणाऱ्यांनी तिथे ऑक्टोपसची करी खावी, हळदीच्या पिवळ्या रंगाची, हळूहळू शिजवलेली. आई-बाबांसाठी सकाळीच ड्रायव्हरकडून फोन करवून सांगून ठेवा, म्हणजे ताट नीट मिळतं: भात, मसूर, वांग्याची किंवा भोपळ्याची भाजी, ताज्या नारळाची चटणी आणि ब्रेद. ब्रेद म्हणजे पालेभाजी, लसूण-कांद्यावर परतलेली. त्यात शेवग्याचा पालाही असतो आणि अळूही. कोकणातलं जेवण आवडत असेल तर ते ताट आवडेलच. पामच्या झाडाच्या कोवळ्या गाभ्याचं सॅलड ही शामारेलची खासियत. एका झाडाचा गाभा काढायला आख्खं झाड जातं, म्हणून महाग असतं. एक प्लेट मागवून सगळ्यांनी चव घ्या. शेवटी शामारेलची कॉफी. याच उतारांवर पिकते. रमची डिस्टिलरीही गावात आहे आणि उसाच्या रसापासून थेट रम कशी करतात ते दाखवते. तुम्हाला त्यात रस असेल तर जा, आई-बाबा आणि मुलीसाठी तिथे फार काही नाही.

शामारेलहून खाली काझ नोयालला उतरणारा रस्ता वळणावळणांचा आणि तीव्र उताराचा आहे. जेवल्यावर लगेच मुलांना मळमळतं. जेवण झालं की अर्धा तास गावातच काढा, मुलीला पुढच्या सीटमागे मधोमध बसवा आणि गोळी लागत असेल तर आधीच द्या. एका वळणावर झाडं संपतात आणि खाली खाजण, मग फिकट हिरवं पाणी, मग प्रवाळाच्या कडेवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ आणि त्यापलीकडे गडद निळा समुद्र असं सगळं एकदम दिसतं. ड्रायव्हरला आधीच सांगा, तो सुरक्षित जागी थांबतो.

तीनच्या सुमारास ल मॉर्न. समुद्रात घुसलेला ५५६ मीटरचा खडकाळ डोंगर, तिन्ही बाजूंनी पाणी. चढायचा नाही, वरचा भाग अवघड आहे. पण पायथ्याशी गुलामगिरीच्या स्मारकापाशी आधी थांबा. मळ्यांवरून पळालेले गुलाम या डोंगराच्या कपारींत लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. ती बातमी सांगायला शिपाई डोंगरावर चढू लागले, तेव्हा आपल्याला पकडायला आले असं समजून अनेकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. २००८ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हटलं. आणि हे लक्षात घ्या: गुलामगिरी संपत आली म्हणूनच मळ्यांना दुसरे मजूर हवे झाले, आणि १८३४ पासून भारतातून माणसांची जहाजं सुरू झाली. सकाळी कास्काव्हेलला जी मराठी घरं ओलांडली, त्यांची गोष्ट या डोंगराच्या गोष्टीला लागूनच येते. मुलीला नऊव्या वर्षी हे कळतं. सोप्या शब्दांत सांगा.

मग समुद्र. हॉटेलांच्या मधल्या पट्ट्यात न अडकता सरळ सार्वजनिक किनाऱ्यावर जा. सुरूच्या सावलीत आई-बाबांना बसता येतं, पाणी उथळ आणि संथ आहे, कारण प्रवाळाची भिंत लाटा बाहेरच अडवते. तरीही दोन गोष्टी पाळा. पायात रबरी बूट हवेतच, तळाशी काटेरी सागरी अर्चिन असतात आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासाही असू शकतो. आणि वाऱ्याच्या बाजूला, जिथे पतंगाच्या दोरीने पाण्यावर धावणारे खेळाडू असतात, तिथे मुलीला उतरवू नका. इंटरनेटवर दिसणारा 'पाण्याखालचा धबधबा' याच टोकासमोर आहे, पण तो भास फक्त उंचावरून, म्हणजे हेलिकॉप्टर वगैरेतून दिसतो. वाळू आणि गाळ खोल उताराकडे सरकल्यामुळे तसं वाटतं. किनाऱ्यावरून शोधत बसू नका.

किनाऱ्यावरच्या गाडीवर अननस घ्या. छोटा, व्हिक्टोरिया जातीचा, फार गोड. विक्रेता शेंडी हातात धरून साल उतरवतो आणि मग डोळे एकेक न टोकरता सुरीने तिरक्या चरा पाडत गोल गोल फिरवतो, त्यामुळे आख्ख्या फळावर नागमोडी नक्षी उठते. चार फाकी करतो, शेंडीचा दांडा होतो. मग मीठ, मिरची आणि चिंचेच्या पाण्यात बुडवून देतो. तिखट नको तर नुसतं मीठ सांगा. कैरी, काकडी, पपई याच मसाल्यात मुरवलेली बरणीतही मिळतात, त्याला काँफी म्हणतात. बाबांना लोणचं आवडत असेल तर ते घ्या. आणि सकाळी घेतलेले नापोलितेन आता काढा.

रविवारी गेलात तर इथे स्थानिक कुटुंबं मोठी पातेली घेऊन दिवसभर आलेली असतात आणि संध्याकाळी राव्हान नावाच्या डफावर सेगा, म्हणजे तिथलं पारंपरिक नाच-गाणं रंगतं. हॉटेलात पर्यटकांसाठी बसवलेल्या सेगापेक्षा हा खरा. फक्त रविवारी सकाळी दाल पुरीचे काही गाडे बंद असतात, ते ड्रायव्हरला आदल्या दिवशी विचारा.

सूर्यास्ताची वेळ बघून निघण्याची वेळ ठरवा. जून-जुलै तिथला हिवाळा, तेव्हा पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो. डिसेंबर-जानेवारीत पावणेसातच्या पुढेमागे. हिवाळ्यात गेलात तर शामारेलमधलं जेवण आटोपतं घ्या. परत फ्लिक-आँ-फ्लाकला चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत पोचता, तामारँच्या मिठागरांजवळून, आणि हॉटेलचं रात्रीचं जेवण चुकत नाही. जानेवारी ते मार्च हे चक्रीवादळांचे मुख्य महिने. सरकारने वादळाचा इशारा दिला असेल तर हा दिवस पुढे ढकला, बेटावर तो इशारा सगळे काटेकोर पाळतात.

पाऊस पश्चिमेलाही लागलाच, तर गंगा तलावाहून शामारेलऐवजी बुआ शेरीला जा. तिथे चहाचा कारखाना आणि संग्रहालय आहे आणि तळ्याकाठी बसून व्हॅनिलाचा चहा चाखता येतो. तिथून दक्षिणेला ग्री-ग्रीचा कडा, जिथे प्रवाळाची भिंत नसल्यामुळे लाटा सरळ खडकावर आदळतात. पावसाळी हवेत तो उलट जास्त चांगला दिसतो. पाण्यात मात्र उतरायचं नाही.

उत्तरेचं वाईट वाटत असेल तर बोटीच्या एखाद्या दिवशी परतल्यावर उरलेला वेळ पोर्ट लुईसाठी काढू नका, दमाल. त्यापेक्षा पुढच्या खेपेला अर्धा दिवस द्या आणि आप्रवासी घाट बघा. १८४९ पासून भारतातून आलेले मजूर जिथे उतरवले जात ती जागा, तिच्या दगडी पायऱ्यांसह, २००६ पासून जागतिक वारसा आहे.

गाडी हॉटेलकडून किंवा ओळखीच्या ड्रायव्हरकडून दिवसभरासाठी घ्या, पाच जणांना सहा-सात सीटची. ठरवताना चार गोष्टी लिहून घ्या: सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसात, वाटेतले थांबे हेच, शामारेलचं तिकीट वेगळं, आणि कुठल्याही शोरूममध्ये थांबायचं नाही. शोरूमवर ड्रायव्हरला कमिशन असतं, त्यामुळे त्याऐवजी थोडे पैसे वर देतो असं आधीच सांगितलं तर तोही खूश राहतो आणि स्वतःहून आपल्या आवडत्या दाल पुरीवाल्याकडे नेतो. गाड्यांवर कार्ड चालत नाही. मॉरिशस रुपयांच्या छोट्या नोटा आदल्या दिवशीच सुट्या करून ठेवा.